अडलेलं विणकाम घेऊन या

तुळशीची लग्नं उरकली की सोलापुरातल्या महिला मंडळाच्या फळ्यावर खडूने एवढंच लिहिलेलं असायचं : ‘येत्या रविवारी दुपारी विणकाम मेळावा. अडलेलं काम घेऊन या.’ प्रमुख पाहुण्या नाहीत, शाल-श्रीफळ नाही. भोंडला, रांगोळी, हळदीकुंकू हे सगळं मंडळ करायचंच, पण तिथे बायका आपलं उत्तमातलं उत्तम घेऊन येत. इथे पिशव्यांतून निघायचं ते एका बाहीवर थांबलेलं स्वेटर, बाळाच्या डोक्यात न शिरणारा गळा, वर वर रुंद होत गेलेला मफलर. म्हणूनच त्या एका दुपारी जेवढं पदरात पडायचं, तेवढं नमुन्यांची वही समोर ठेवून महिनाभर बसलं तरी पडत नसे.

सोलापुरात लोकरीचं दुकान चालतं कसं, असं बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात. शहर सुताचं. 1877 साली जुनी मिल उभी राहिली, पुढे चादरी आणि टॉवेलांनी गावाचं नाव सगळीकडे नेलं. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर गेला की लोकरीकडे बघवतही नाही. पण दिवाळीनंतर पहाटे गार वारं सुटतं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतला होम आणि शोभेचं दारूकाम बघायला रात्री उघड्यावर थांबायचं, तर तान्ह्याला टोपरं आणि आजोबांना कानटोपी लागतेच. शिवाय बाळाची पहिली संक्रांत : बोरन्हाणाला काळा फ्रॉक किंवा काळं स्वेटर, वर हलव्याचे दागिने. दुकानाचा खरा हंगाम असा दसरा ते गड्डा. बाकीचं वर्ष क्रोशाच्या दोऱ्यावर आणि रुखवतावर निघतं. लग्नसराईत तोरणं, ताटावरचे रुमाल, लोकरीची फुलं यांची मागणी भर उन्हाळ्यातही असते.

मेळाव्यात जाजमाच्या मधोमध बसायच्या त्या या दुकानाच्या लोकरवाल्या काकू. सोबत सुयांचा डबा, टेप, दोन-तीन क्रोशाच्या सुया आणि चिठ्ठ्या लावलेली पिशवी. त्या पिशवीत इतरांची राखून ठेवलेली लोकर असे. राखून का ठेवायची, ते दुकानात बसणाऱ्यालाच नीट ठाऊक. लोकरीच्या गुंडीच्या वेष्टनावर दोन आकडे छापलेले असतात, एक रंगाचा आणि एक लॉटचा, म्हणजे एकदम रंगवलेल्या खेपेचा. रंगाचा आकडा तोच असला तरी लॉट बदलला की छटा किंचित बदलते. ट्यूबलाइटखाली दोन्ही गुंड्या सारख्याच दिसतात. स्वेटर विणून उन्हात नेलं की छातीवर आडवी रेघ उठते. म्हणून काकू सगळी लोकर एकदमच बाजूला काढत, चिठ्ठीवर नाव आणि लॉट लिहीत, गिऱ्हाईक लागेल तशी नेई आणि वेष्टन न काढलेल्या गुंड्या संक्रांतीपर्यंत परत घेतल्या जात. घरखर्चातून पैसे वाचवून विणणाऱ्या बाईला पाचशे ग्रॅम लोकर एका दमात घेणं जड जातं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

एवढं करूनही लॉट संपायचा, आणि ते काम हमखास मेळाव्यात यायचं. त्याला दोन उपाय. विणकाम पाठीच्या मध्यावर असेल तर दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन नव्या, असं आठ-दहा ओळी चालवायचं. छटा एकमेकींत मिसळते आणि रेघ धरत नाही. पुढचं-पाठचं विणून झालं असेल तर नवा लॉट बाह्यांच्या बॉर्डरला आणि गळ्याला वापरायचा. तिथे एक सुलट एक उलट अशी वीण बदललेली असते, त्यामुळे रंगातला फरक विणीत लपतो.

मेळाव्यात पाठ करून घेतलेला अंदाज असा : नवजात बाळाचं स्वेटर, टोपरं आणि मोजे मिळून 150 ग्रॅम. कानटोपीला 100. मोठ्या माणसाच्या बिनबाह्यांच्या स्वेटरला 300 आणि पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला 500 ग्रॅम. वेण्या किंवा दाण्यांची वीण असेल तर एक-दोन गुंड्या जास्त, कारण ती वीण लोकर खाते.

सुयांच्या आकड्यांचा घोटाळा अलीकडे वाढला होता. आपल्याकडचे जुने नंबर उलटे चालतात : 12 नंबरची सुई बारीक, 8 नंबरची जाड. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 म्हणजे सव्वातीन, 12 म्हणजे पावणेतीन. मोबाइलवरच्या नमुन्यात ‘4 ची सुई’ म्हटलेलं असतं ते मिलिमीटरमध्ये. मुली दुकानात येऊन 4 नंबर मागायच्या, आणि ती सुई निघते 6 मिलिमीटरची. मग स्वेटर जाळीसारखं सुटं होतं आणि खापर फुटतं लोकरीवर.

त्यामुळे कुठलंही काम हातात घेतलं की काकूंचा पहिला प्रश्न एकच : “नमुना विणून बघितलास का गं?” चार इंचांचा चौकोन विणायचा, कडा सोडून मधल्या भागात टेप ठेवायचा आणि इंचाला किती टाके बसतात ते मोजायचं. हे काम सगळ्याच टाळतात, लोकर आणि वेळ वाया जातो असं वाटतं. पण हिशोब बघा. 36 इंच छातीसाठी पाठीला 18 इंच लागतात. इंचाला 7 टाके धरून 126 टाके घातले. हात सैल असेल आणि इंचाला 6 च बसत असतील, तर तेच 126 टाके 21 इंच होतात. पुढचं-पाठचं मिळून स्वेटर 42 इंचांचं. एका टाक्याच्या फरकाने सहा इंच वाढले, आणि ते कळतं पाठ पुरी झाल्यावर. अशा वेळी उसवण्यावाचून इलाज नसतो. हात सैल असणं हा दोष नव्हे, सुई एक नंबर बारीक घ्यायची एवढंच.

नवशिक्यांचं कोंडाळं वेगळं बसायचं आणि तिथला कायमचा रोगी म्हणजे मफलर. 40 टाक्यांनी सुरू झालेला मफलर वीतभर होईपर्यंत 52 वर गेलेला. याची कारणं दोन आणि काम बघूनच ओळखू येतात. मफलरमध्ये मधे मधे भोकं दिसत असतील, तर उलट टाक्यानंतर लोकर मागे न नेता तशीच पुढे ठेवून सुलट घातलाय. सुईवर फुकटचा वेढा चढतो आणि पुढच्या ओळीत त्याचा टाका होतो. भोकं नसून कडा मात्र तिरपी पळत असेल, तर चूक ओळीच्या पहिल्या टाक्यात आहे. काम वळवल्यावर लोकर सुईवरून मागे ओढली गेली, की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर चढतात आणि एकाचे दोन टाके दिसतात. नवी मुलगी बिचारी दोन्ही विणते. लोकर आधी सुईच्या खाली ओढून घ्यायची, मग पहिला टाका नीट एकच दिसतो. ही एवढी गोष्ट शेजारी बसून बोटाने दाखवली की पुन्हा चुकत नाही. नुसती सांगून मात्र कुणालाच समजत नाही.

निसटलेल्या टाक्याला घाबरून काम माळ्यावर टाकणाऱ्याही बऱ्याच. टाका खाली घसरला की त्याच्या वर आडव्या दोऱ्यांची शिडी तयार होते. कामाची सुलट बाजू आपल्याकडे करायची, क्रोशाची सुई पुढून त्या सुट्या फासात घालायची, शिडीची सगळ्यात खालची पायरी पकडून फासातून ओढायची. असं करत वर चढायचं आणि शेवटचा फास सुईवर ठेवायचा. पायरी चुकून एखादी सोडली तर मागे सैल दोरा लोंबतो, म्हणून मागची बाजू बघूनच पुढे जायचं. टाका दहा ओळी खाली गेलेला असला तरी पाच मिनिटांचं काम. बाईच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरताना बघणं हा त्या दुपारचा सगळ्यात आनंदाचा भाग होता.

ओळ अर्ध्यात सोडून उठायचं नाही, हा नियम. कुकरची शिट्टी झाली, उठलं, परत येऊन उलट्या दिशेने विणलं, की एका बाजूला दोन ओळी जास्त होतात आणि मधे भोक पडतं. उठावंच लागलं तर परतल्यावर लोकर कुठल्या टाक्यातून निघते ते बघायचं. ती सुई उजव्या हातात.

या गावाचं वैशिष्ट्य मेळाव्यात दिसायचं ते वेगळंच. टाके मोजताना जी ती आपल्या भाषेत मोजायची. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू अक्का ‘ओकटि, रेंडु, मूडु’ करत, अक्कलकोटकडच्या कानडी ‘ओंदु, एरडु, मूरु’, आणि मराठी मोजणारीचा आकडा त्यांच्यात बसून चुकायचा. मागावरच्या घरातल्या बायकांची बोटं सुताला सरावलेली. धागा तुटला की डोळ्यांनी न बघता गाठ मारतील. पण त्यांना हीच सवय सोडायला लावावी लागे. मागावर ती गाठ शोभते. स्वेटरच्या मधोमध गाठ मारली तर ॲक्रिलिक लोकर गुळगुळीत असल्याने ती धुण्यात सुटते, आणि राहिली तरी बाळाच्या अंगाला टोचते. नवी गुंडी कडेलाच जोडायची, दोन्ही टोकं चार-चार इंच सोडायची आणि शिवताना कडेत ओवून टाकायची. ओळ पुरेल की नाही ते बघायला उरलेली लोकर कामाच्या रुंदीवर ठेवून बघायची, साध्या विणीच्या एका ओळीला रुंदीच्या साधारण तिप्पट लागते. बिडी वळणाऱ्या बायकांच्या हाताचा ताण मात्र वाखाणण्यासारखा. दिवसभर पानाला दोरा गुंडाळून गुंडाळून त्यांचा टाका पहिल्या दिवसापासून एकसारखा पडायचा.

बाळाच्या स्वेटरचा गळा हा विषय निघाला की आज्या पुढे सरसावत. नवजात बाळाचं डोकं घेराने छातीपेक्षा थोडं मोठंच असतं. आई छातीचं माप घेते, गळा सुबक, घट्ट करते आणि बाळ स्वेटरमध्ये अडकून रडतं. तेव्हा एक तर पुढून उघडं विणायचं, नाहीतर डाव्या खांद्यावर दोन-तीन बटणांची फट ठेवायची. गळ्याचे टाके बंद करताना दोन नंबर जाड सुई घ्यायची, म्हणजे 12 वर बॉर्डर विणली तर 10 ने बंद करायची. ताणून 16 इंच होत नसेल तर उसवून पुन्हा. केसाळ, फुलणारी लोकर तान्ह्यासाठी नकोच, तिचे तंतू तोंडात जातात. रंगीत नक्षी असेल तर आतले लांब दोरे दर तीन-चार टाक्यांनी अडकवून घ्यायचे, नाहीतर त्यांत बोट अडकतं. काळ्या फ्रॉकचं काम दिवसाउजेडीच करायचं. रात्री काळे टाके दिसत नाहीत, मांडीवर पांढरा पंचा पसरून घेतला तर थोडं सोपं जातं.

खाणं शेवटी आणि तेही विणकाम पिशवीत गेल्यावर. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, हंगाम लागला असेल तर कुणाच्या शेतावरून आलेला हुरडा. शेंगाचटणीचं लालभडक तेल पांढऱ्या लोकरीवर पडलं की संपलंच. धुण्याचे धडे इथेच जेवताना व्हायचे : कोमट पाणी, थोडा साबण, चोळायचं नाही, पिळायचं नाही. स्वेटर टेरी टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळायचं आणि वरून दाबायचं, टॉवेल सगळं पाणी पितो. त्या कामाचा टॉवेल सोलापुरात कुणाच्या घरात नाही? मग सावलीत आडवं वाळवायचं, दोरीवर टांगलं की बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. ॲक्रिलिकवर इस्त्री तर अजिबात नको. उष्णतेने लोकरीचा जीव जातो, ती लुळी पडते आणि पुन्हा उभारी धरत नाही.

उरल्यासुरल्या लोकरीतून मंडळ दरवर्षी एक दुलई करायचं. सहा इंचांचे 48 चौकोन, सहा आडवे आणि आठ उभे, म्हणजे तीन फूट बाय चार फूट. एका चौकोनाला साधारण 10 ग्रॅम. सुरुवातीच्या वर्षांत सगळ्यांना सारखेच टाके सांगितले जात आणि एकीचा चौकोन पाच इंच तर दुसरीचा साडेसहा यायचा. जोडताना दुलई फुगायची. मग काकूंनी कोपऱ्यातून विणायला लावलं : एक टाका घालायचा, सगळ्या ओळी सुलट, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवत जायचं. तिरपी कड मोजून सहा इंच झाली की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र विणून कमी करत यायचं. यात टाके मोजावेच लागत नाहीत. हात सैल असो की घट्ट, चौकोन सहा इंचच होतो. कुणाला त्यासाठी 50 टाके लागतात, कुणाला 60. जोडणी एकाच हाताने व्हावी म्हणून ती एकीकडेच द्यायची, सगळीकडे एकाच रंगाने मुक्या खांबाची, म्हणजे क्रोशाच्या आखूड टाक्याची, आणि चार कोपरे जिथे मिळतात तिथे एक जास्तीचा टाका, नाहीतर मधे खळगा पडतो. ही दुलई त्या वर्षी गल्लीत ज्या घरी पहिलं बाळ येई, त्या घरी जायची.