डस्टी बेकर जिंकले ती नाईट शिफ्ट

मी ह्यूस्टनला कार्डियाक युनिटमध्ये नर्स आहे. ५ नोव्हेंबर २०२२, शनिवार, वर्ल्ड सिरीजची (अमेरिकेतल्या बेसबॉलची फायनल, चार मॅचेस आधी जिंकेल ती टीम चॅम्पियन) सहावी मॅच आमच्याच शहरात, समोर फिलाडेल्फिया, आमची टीम ॲस्ट्रोज ३-२ ने पुढे, आणि आमची शिफ्ट बदलते संध्याकाळी ७ ला, नेमकी तेव्हाच मॅच सुरू. प्रत्येक रूममध्ये तोच चॅनल.

माझ्याकडे सत्तरी ओलांडलेले एक आजोबा होते, हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून ॲडमिट, निदान नवीनच त्यामुळे पार धास्तावलेले. रक्त पातळ करायच्या गोळ्या, स्ट्रोकचा धोका वगैरे मी समजावत होते पण ऐकायची तयारीच नाही. तेवढ्यात टीव्हीवर ॲस्ट्रोजचे मॅनेजर डस्टी बेकर दिसले, तोंडात नेहमीची टूथपिक, आणि आजोबा म्हणाले, "ह्यालापण हेच झालं होतं." खरंच होतं ते. २०१२ मध्ये बेकर सिनसिनाटी रेड्सचे मॅनेजर असताना शिकागोत ठोक्यांच्याच त्रासाने हॉस्पिटलमध्ये गेले, तिथेच छोटा स्ट्रोक आला, आणि ऑक्टोबर लागताच पुन्हा कामावर हजर. त्याआधी प्रोस्टेट कॅन्सर होऊन गेलेला. आणि त्या रात्री ७३ व्या वर्षी टीम चालवत होते.

मग मी बीपी घेतेय, गोळ्या देतेय आणि आजोबांची गाडी सुरू. (बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला हेड कोच, पण मॅच चालू असताना कोणाला काढायचं कोणाला आणायचं हेही तोच ठरवतो.) बेकर खेळाडू म्हणून मोठेच, बेसबॉलचा दिग्गज बॅटर हँक आरनच्या तालमीत तयार झालेले, १९८१ ला लॉस एंजेलिस डॉजर्सकडून वर्ल्ड सिरीज जिंकलेले. १९८८ ला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे कोच झाले, १९९३ ला मॅनेजर, आणि पहिल्याच वर्षी १०३ मॅचेस जिंकूनही घरी बसले कारण त्यांच्याच गटातल्या अटलांटाने १०४ जिंकल्या, आणि तेव्हा गटातून एकच टीम पुढे जायची! २००२ ला वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या मॅचमध्ये ५-० ने पुढे होते, हरले. २००३ ला शिकागो कब्ज टीमला घेऊन वर्ल्ड सिरीजपासून फक्त पाच आउट लांब होते (म्हणजे समोरच्यांचे अजून पाच खेळाडू आउट केले की पोचले), तिथेही हरले. २०१७ ला वॉशिंग्टनमध्ये ९७ मॅचेस जिंकल्या तरी करार वाढवला नाही. २०२० ला, समोरच्या टीमचे इशारे कॅमेऱ्याने चोरल्याचं उघड झाल्यामुळे, सगळा देश ॲस्ट्रोजला चीटर म्हणत होता तेव्हा ही टीम त्यांनी हातात घेतली. मला ह्या माणसाचं सगळ्यात मोठं काम तेच वाटतं, ट्रॉफीपेक्षाही, कारण बदनाम झालेल्या टीमला दर मॅचला शिव्या खात खेळतं ठेवणं सोपं नाही.

सहाव्या इनिंगमध्ये (बेसबॉलमध्ये नऊ असतात) फिलाडेल्फियाने १-० केलं. आजोबा गप्प. मग ह्यूस्टनची बॅटिंग, दोन खेळाडू बेसवर, फिलाडेल्फियाच्या मॅनेजरने त्यांचा पिचर (म्हणजे बोलर) झॅक व्हीलरला ७० बॉल टाकल्यावरच काढलं आणि होजे अल्वाराडोला आणलं, आणि आमच्या योर्डान अल्वारेझने ४५० फूट होम रन (आपल्या सिक्ससारखा) मारला. सेंट्रल मॉनिटरवर (सगळ्या पेशंटचे ठोके एकत्र दिसतात तो स्क्रीन) मी तसं कधीच बघितलं नव्हतं, एकामागोमाग एक सगळ्यांचे हार्ट रेट वर, निम्म्यांच्या छातीवरचे इलेक्ट्रोड हात वर करताना सुटले, अलार्मच अलार्म! आम्ही नवीन स्टिकर घेऊन रूम टू रूम पळतोय, प्रत्येकाला धडधडतंय का, छातीत दुखतंय का विचारतोय, आणि पेशंट हसत हसत म्हणतात रिप्ले बघू दे आधी.

४-१. शेवटचा कॅच काइल टकरने घेतला तेव्हा बेकर डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या टीमच्या बाकावर) स्कोअर लिहीत होते, बाकीच्या कोचेसनी येऊन त्यांना मिठ्याच मारल्या. मॅनेजर म्हणून २००० हून जास्त मॅचेस जिंकल्यावर पहिली वर्ल्ड सिरीज. आजोबा रडत होते, मलाही आवरलं नाही.

त्याच रात्री २ वाजता अमेरिकेत हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे गेली, म्हणजे नाईटवाल्यांना एक तास जादा. आजोबा जागेच होते. बेल वाजवून मला बोलावलं आणि आता नीट सांग म्हणाले. गोळी किती वाजता घ्यायची, एखादा डोस चुकला तर काय, दाढी करताना कापलं तर काय, मासे पकडायला बोटीवर जाऊ शकतो का. मी खुर्ची ओढून बसले आणि एकेक सांगत गेले. बोटीचं मात्र डॉक्टरांना विचारायला लागेल म्हटलं, तर म्हणाले सकाळी राउंडला पहिला प्रश्न तोच.