बीसीजी प्रकल्प, पुढचा टप्पा: कव्हरेजमधली भोकं वाचताना

मागच्या वेळी म्हटलं होतं, मानवी जीनोमचा नाद तूर्त सोडतो आणि घरच्या मशीनला झेपेल असं काहीतरी घेतो. घेतलं. रेफरन्स, म्हणजे तुलनेसाठीचा प्रमाण जीनोम, आहे क्षयाच्या (टीबीच्या) जंतूचा, एच३७आरव्ही नावाच्या स्ट्रेनचा: ४४,११,५३२ बेस (डीएनएची अक्षरं), एकच गोल गुणसूत्र, जनुकांचे तुकडे जोडण्याची (स्प्लायसिंगची) भानगड नाही, आणि बीडब्ल्यूए या मॅपरचा, म्हणजे डीएनएच्या तुकड्यांची रेफरन्सवरची जागा शोधणाऱ्या प्रोग्रामचा, इंडेक्स चहा उकळेपर्यंत तयार. त्यावर मॅप करायचे रीड्स (सिक्वेन्सरने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे) बीसीजी या क्षयाच्या लसीचे. तुमच्या-माझ्या डाव्या दंडावर ज्याचा व्रण आहे तोच हा जंतू.

टीबीच का, असं एकाने विचारलं. हार्बर लाईनने रोज शिवडीवरून, तिथल्या टीबी रुग्णालयाजवळून, जाणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडत नाही.

बीसीजी निवडण्यामागे मात्र हिशोब होता. मॅपर शिकताना सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आलेलं उत्तर बरोबर आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो. बीसीजीचं उत्तर आधीच ठाऊक आहे. काल्मेत आणि गेरँ यांनी १९०८ ते १९२१ या काळात गाईच्या क्षयाचा जंतू, मायकोबॅक्टेरियम बोव्हिस, बटाटा आणि पित्ताच्या माध्यमावर २३० वेळा पुन्हापुन्हा वाढवला आणि तो सौम्य झाला. त्या प्रवासात त्याने जीनोमचा एक तुकडा गमावला, साधारण साडेनऊ हजार बेसचा. त्याला आरडी१ (आरडी म्हणजे रीजन ऑफ डिफरन्स, फरकाचा पट्टा) म्हणतात. १९९६ साली तो जीनोमिक सबट्रॅक्शनने, म्हणजे एका डीएनएतून दुसरा वजा करून, शोधला गेला. तेव्हा टीबीचा पूर्ण जीनोमही हातात नव्हता, तो १९९८ साली आला. आज तीच हरवलेली जागा, रेफरन्सवर तिथे रीड्स न पडल्याने, भोक म्हणून सार्वजनिक रीड्समधून घरबसल्या दिसायला हवी. दिसतं का, कसं दिसतं आणि कशाकशाने फसवतं, एवढाच या टप्प्याचा विषय.

तयारीबद्दल थोडक्यात. सार्वजनिक संग्रहातून तीन नमुने उतरवले: बीसीजी पाश्चर, बीसीजी मॉस्को (दोन्ही लसीचेच वेगवेगळे स्ट्रेन) आणि तुलनेसाठी साधा बोव्हिस. तिन्ही इल्युमिना सिक्वेन्सरचे, १५० बेसचे जोडीरीड्स (एकाच तुकड्याची दोन टोकं वाचलेले). तिघांचं कव्हरेज, म्हणजे एका बेसवर सरासरी किती रीड्स पडतात ते, सारखं असावं म्हणून प्रत्येकी १००पटीवर आणलं. म्हणजे ४४ कोटी बेस, म्हणजे जवळपास साडेचौदा लाख जोड्या. सेकटीके या साधनाने काही रीड्स निवडून काढताना दोन्ही फाइलींना एकच सीड (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) द्या, नाहीतर जोड्या फुटतात आणि मॅपर तक्रारही करेलच असं नाही. मशीन जुनंच आहे; लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सेकंडहँड एसएसडीने सॉर्टिंगचा वेळ चांगलाच खाली आला, रॅम वाढवायची गरज पडली नाही.

बीडब्ल्यूए-मेम२, म्हणजे बीडब्ल्यूएची नवी आवृत्ती, पण चालवून पाहिलं. बंगळुरूतल्या इंटेलच्या संशोधकांचा त्यात मोठा हात आहे, आउटपुट मूळ मेमसारखंच येतं आणि वेग जास्त. पण एवढ्याशा जीनोमला फरक जाणवण्याआधीच काम संपतं. मानवी डेटावर परत जाईन तेव्हा बघू.

आता मुद्द्याचं. पाश्चरचे रीड्स मॅप केले, सॉर्ट केले, सॅमटूल्स डेप्थ (प्रत्येक जागेचं कव्हरेज मोजणारी आज्ञा) चालवलं आणि आलेख काढला. इथे नव्याने येणाऱ्यांसाठी: डेप्थला ‘-ए’ लावल्याशिवाय शून्य कव्हरेजच्या जागा आउटपुटमध्ये येतच नाहीत. आपण शोधतोय शून्य आणि फाइलीत शून्याच्या ओळीच गायब. आलेखाचं सॉफ्टवेअर मग दोन टोकांना सरळ रेघेने जोडून टाकतं आणि भोक बुजतं.

‘-ए’ लावल्यावर ४३ लाख ५० हजारांच्या जरा पुढे कड्यासारखं तुटलेलं दिसतं. शंभराच्या आसपास चाललेलं कव्हरेज एकदम शून्य, साडेनऊ हजार बेसपर्यंत शून्य, आणि पुन्हा शंभर. याच पट्ट्यात इसॅट-६ आणि सीएफपी-१० या प्रथिनांची जनुकं आहेत.

माझी मामेबहीण परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. तिला आलेख दाखवला.

“दादा, म्हणजे हे भोक सगळ्या बीसीजीत असतं?”

“सगळ्या.”

“मग बरोबर आहे. बीसीजी घेतलेल्याची माँटू, म्हणजे त्वचेवरची टीबीची टेस्ट, पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टर कधीकधी इग्रा ही रक्ताची टेस्ट सांगतात. इग्राच्या नळीत हीच दोन अँटिजेन असतात. लसीत ती नाहीतच, त्यामुळे लसीमुळे टेस्ट चुकत नाही.”

रोज हाताळते ती टेस्ट या साडेनऊ हजारांच्या पट्ट्यावर उभी आहे हे तिला पुस्तकातून माहीत होतं. तरी स्क्रीनकडे ती बराच वेळ बघत होती.

भोकाच्या काठावर काय होतं ते आता आयजीव्ही या रीड्स दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा, मॅपर कसा विचार करतो ते तिथेच कळतं. बीडब्ल्यूए-मेम आधी रीडमधले अचूक जुळणारे तुकडे, निदान १९ बेसचे, इंडेक्समध्ये शोधतो. मग त्यांच्या आजूबाजूला अलाइनमेंट, म्हणजे रीड आणि रेफरन्सची जुळणी, वाढवतो. जुळलेल्या बेसला १ गुण, न जुळलेल्याला वजा ४, गॅप उघडायला वजा ६ आणि पुढे गॅपमधल्या प्रत्येक बेसला वजा १. आता समजा एखादा रीड बरोबर तुटलेल्या जागेवरून गेलाय: डावीकडचे १०० बेस भोकाच्या अलीकडचे, उजवीकडचे ५० पलीकडचे. मध्ये साडेनऊ हजारांचा गॅप टाकला तर दंड साडेनऊ हजारांवर जातो आणि १५० बेसच्या रीडची जास्तीत जास्त कमाई १५०. सौदा परवडत नाही. मग मॅपर १०० बेस जागेवर बसवतो, उरलेल्या ५०ची सॉफ्ट-क्लिप करतो (न जुळवता बाजूला ठेवतो), आणि त्या ५०चे स्वतःचे गुण ३०च्या वर असल्याने त्यांना पलीकडच्या काठावर वेगळी सप्लिमेंटरी ओळ मिळते. मूळ ओळीच्या एसए टॅगमध्ये तिचा पत्ता असतो. पलीकडे ३०हून कमी बेस गेले असतील तर ओळ मिळत नाही, नुसती क्लिप राहते.

१००पट कव्हरेजला दोन्ही बाजूंना निदान तीस बेस पडलेले रीड्स साठेक तरी मिळायला हवेत, आणि त्याच घरात मिळतात. दोन काठांचे नेमके पत्ते त्यांनीच दिले. शिवाय भोकाच्या दोन बाजूंना पडलेल्या जोड्या आयजीव्हीत लाल दिसतात, कारण रेफरन्सवर त्यांच्यातलं अंतर दहा हजारांच्या आसपास भरतं.

हेच बोटाय२ या दुसऱ्या मॅपरला दिलं तर चित्र बदलतं. त्याची मूळ सवय रीड टोकापासून टोकापर्यंत बसवायची, त्यामुळे काठावरचे बरेच रीड्स सरळ अनमॅप्ड होतात. ‘लोकल’ दिलं तर क्लिप करतो, पण सप्लिमेंटरी ओळ देत नाही. भोक दोघांतही दिसतं. ते डिलीशन असल्याचा पुरावा बीडब्ल्यूएत जास्त चांगला मिळतो. कुठला मॅपर चांगला हा वाद मला त्यामुळे निरर्थक वाटायला लागलाय. काय विचारायचंय ते आधी सांगा.

एवढं झाल्यावर वाटलं होतं, भोकांची यादी काढायची आणि संपलं. यादी फार लांब निघाली. त्यातला मोठा भाग सरळ होता: आरडी४, आरडी९ अशी भोकं बोव्हिसच्या नमुन्यातही दिसतात, म्हणजे ती लस बनण्याच्या कितीतरी आधीची. आरडी३ आणि आरडी११ प्रोफाज आहेत, म्हणजे जीनोममध्ये घुसलेले विषाणू. ते येतात-जातात, त्यांना बाजूला ठेवलं. बोव्हिसमध्ये शाबूत आणि पाश्चरमध्ये नाहीत असे आरडी१, आरडी२ आणि आरडी१४ उरले. यातला आरडी२ मॉस्कोच्या नमुन्यात शाबूत आहे. १९२४मध्येच रशियाला गेलेल्या बीसीजीत तो राहिला, पाश्चर संस्थेत वाढत राहिलेल्या बीसीजीतून तो १९२७ ते १९३१च्या दरम्यान गळला. शंभर वर्षांपूर्वीच्या प्रयोगशाळेतल्या घडामोडींची तारीख मॅप केलेल्या रीड्सच्या दोन (बॅम) फाइली शेजारी ठेवून लागते, हे मला अजून भारी वाटतं.

पण यादीतली बाकीची छोटी छोटी भोकं संशयास्पद होती. बरीचशी दीड हजार बेसच्या आतली, जीनोमभर विखुरलेली, आणि मॅपिंग क्वालिटीची (रीडची जागा किती खात्रीची या आकड्याची) चाळणी लावली की दिसणारी, काढली की जवळपास बुजणारी. ‘जवळपास’ महत्त्वाचं. तिथे कव्हरेज शून्य नव्हतं आणि शंभरही नव्हतं, पाच-सात होतं.

ही आयएस६११०ची कमाल. हा १,३५५ बेसचा उड्या मारणारा तुकडा. एच३७आरव्हीत त्याच्या १६ प्रती आहेत, बीसीजी पाश्चरमध्ये एकच. त्या एका प्रतीच्या आतल्या भागातले रीड्स रेफरन्सवर १६ जागी सारखेच बसतात. बीडब्ल्यूए त्यातली एक जागा यदृच्छया निवडतो आणि क्वालिटी देतो ०. शंभराचे सोळा वाटे केले की प्रत्येकी सहाच्या आसपास. पंधरा ठिकाणी जे नाहीच ते थोडंथोडं असल्यासारखं दिसतं, आणि जिथे खरोखर आहे तिथेही थोडंच दिसतं. क्वालिटी ०चे रीड्स चाळून टाकले की सोळाही ठिकाणी भोक पडतं, त्यातलं एक पूर्ण खोटं. खरं उत्तर काठावरच्या रीड्समध्ये आहे: ज्यांचा अर्धा भाग तुकड्याच्या आत आणि अर्धा शेजारच्या एकमेव जागेत बसतो, त्यांची क्वालिटी चांगली असते. मॉस्कोत अशा दोन जागा सापडल्या. तिथे दोन प्रती असायलाच हव्यात.

पीई-पीपीई कुटुंबातल्या जनुकांचं दुखणं याच जातीचं, फक्त जास्त पसरलेलं. एच३७आरव्हीच्या कोडिंग क्षमतेचा दहाएक टक्के भाग त्यांनी व्यापलाय. त्यातली पीजीआरएस जनुकं पुनरावृत्तीने भरलेली आणि जीसी-बहुल, म्हणजे जी आणि सी हे बेस जास्त असलेली. मुळात या जंतूत जीसी ६५.६ टक्के, पीसीआरमधून गेलेल्या लायब्ररीत जीसी फार वाढलं की रीड्सच कमी येतात. त्यामुळे तिथली खोली (कव्हरेज) दोन कारणांनी घसरते आणि कुठलं कारण किती हे छोट्या रीड्सवरून सांगता येत नाही. टीबीवर काम करणारे बरेच लोक ही जनुकं सरळ मास्क करतात, म्हणजे विश्लेषणातून वगळतात. पूर्वी मला तो आळशीपणा वाटायचा.

चाळणी लावणाऱ्यांसाठी एक आठवण: बीडब्ल्यूएची क्वालिटी ६०पर्यंत जाते, बोटाय२ची ४२पर्यंत. एकाची पन्नासची चाळणी दुसऱ्याला लावलीत तर फाइल रिकामी.

भोकांच्या उलट उंचवटेही आहेत. पाश्चरमध्ये डीयू१ नावाची दुहेरी प्रत आहे, साधारण २९ हजार बेसची, नेमकी प्रतिकृती सुरू होते त्या जागेवर. आलेखात ती दोन टोकांना अर्धी-अर्धी दिसते, कारण गुणसूत्र गोल आणि रेफरन्सची फास्टा फाइल सरळ. पहिला बेस नेमका तिथेच मोजायला घेतलाय. दुप्पट कव्हरेज डावीकडेही आणि उजवीकडेही दिसलं तर दोन घटना समजू नका.

इथपर्यंतचं सगळं रेफरन्सवर जे आहे त्याबद्दल. मला जास्त खटकत होतं ते उरलेलं: जे बीसीजीत आहे आणि एच३७आरव्हीत नाही, ते आलेखात कुठे? कुठेच नाही. त्याला उभं राहायला जागाच नाही. म्हणून दोन्ही जोडीदार अनमॅप्ड असलेले रीड्स सॅमटूल्सच्या ‘-एफ १२’ने वेगळे काढले आणि स्पेड्स या प्रोग्रामने एकमेकांना जुळवले. आधी निघाला फायएक्स १७४, ५,३८६ बेसचा तो विषाणू, जो सिक्वेन्सिंगमध्ये नियंत्रण म्हणून मिसळतात. त्याला हाकलून दिलं. मग काही कॉन्टिग (जुळवून झालेले लांब तुकडे) उरले, आणि त्यातल्या एकाच्या ब्लास्टमध्ये (ठाऊक असलेल्या क्रमांशी तुलनेत) एमएमपीएस६ आणि एमएमपीएल६ या जनुकांची नावं आली. टीबीडी१! साधारण २,१०० बेसचा हा तुकडा बोव्हिसमध्ये आहे, बीसीजीत आहे, आणि माणसाच्या टीबीच्या लीनिएज १ या वंशशाखेतही आहे. एच३७आरव्ही लीनिएज ४चा, त्याने तो गमावलाय. लीनिएज १ दक्षिण भारतात भरपूर सापडतो. तिथला नमुना नेहमीच्या रेफरन्सवर मॅप करणाऱ्या प्रत्येकाच्या अनमॅप्ड फाइलीत हा तुकडा पडून असतो आणि ती फाइल बहुतेक जण जागा वाचवायला डिलीट करतात.

पुढचं काम ठरलंय. याच जंतूचे नॅनोपोर सिक्वेन्सरचे लांब रीड्स मिनिमॅप२ या मॅपरने बसवायचे, म्हणजे आयएस६११०ची पूर्ण प्रत एकाच रीडमध्ये ओलांडता येईल आणि पीजीआरएसमधली घसरण पुनरावृत्तीमुळे की जीसीमुळे हे वेगळं करता येईल. शिवाय उलटा प्रयोग: एच३७आरव्हीचे रीड्स बीसीजी पाश्चरच्या ४३,७४,५२२ बेसच्या जीनोमवर. तिथे टीबीडी१ भोक म्हणून दिसेल आणि आरडी१ अनमॅप्डमध्ये जाईल. बीसीजी टोकियोचे चांगल्या खोलीचे जोडीरीड्स कुणी आधी तपासले असतील तर रनचा क्रमांक कळवा. मला सापडलेल्या एका रनवर स्ट्रेनचं नाव टोकियो आहे, पण तिथे शाबूत असायला हवा तो आरडी२ मात्र गायब दिसतोय.