तीन हजारांची दुरुस्ती आणि चौदा हजारांचा निर्णय

दुरुस्तीला आलेला एका काकांचा होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज पाच स्पीकरांना पुरवणारा ॲम्प्लिफायर. चालू केला की दोन सेकंदांत ‘टक्’ आणि डिस्प्लेवर प्रोटेक्ट, म्हणजे आत दोष दिसला म्हणून सेटने स्वतःच आवाज तोडला. स्पीकरच्या सगळ्या वायरी काढल्या तरी तेच, म्हणजे दोष आतला. असा सेट पुन्हा पुन्हा मेनवर चालू करायचा नसतो. शंभर वॅटचा जुना तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावायचा, म्हणजे वीज बल्बमधूनच सेटला जाते. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर हरकत नाही. इथे तो भक्क पेटूनच राहिला, म्हणजे आत शॉर्ट.

फ्रंट लेफ्टच्या, म्हणजे पुढच्या डाव्या स्पीकरच्या, आउटपुट जोडीतले दोन्ही ट्रान्झिस्टर कलेक्टर ते एमिटर शॉर्ट, ०.२२ ओहमचा रेझिस्टर ओपन, त्यांना चालवणारे छोटे ट्रान्झिस्टर, म्हणजे ड्रायव्हरही गेलेले. बाकीचे चार चॅनेल ठणठणीत. टीव्हीची एचडीएमआय केबल जिथे लागते तो बोर्ड मात्र आधीपासूनच मेलेला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं ठरलेलं उत्तर: बोर्ड येत नाही, नवीन घ्या. मीटर हातात न धरताच हे सांगायला इंजिनियर कशाला लागतो?

ट्रान्झिस्टर पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतात, अस्सल मिळणं कठीण. नकलेवर नंबर तोच, छपाई उलट जास्त देखणी, पण आतली चिप लहान. हळू आवाजात महिनाभर चालते आणि व्हॉल्यूम वाढवला की जाते. म्हणून मी एक जास्तीचा घेतो आणि पकडीने फोडून चिप बघतो. नवीन जोडी टाकताना ड्रायव्हर आणि रेझिस्टर सोबतच बदलायचे, बायस (आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट) सगळ्यात कमी ठेवून सिरीज बल्बवरच चालू करायचं आणि स्पीकर टर्मिनलवर डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत आल्याशिवाय स्पीकर जोडायचा नाही.

हे सगळं मजुरीसकट तीन हजारांत होत होतं. एचडीएमआय नसलं तरी टीव्हीपासून ऑप्टिकल केबल लावली की ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफरचा आवाज मिळतं. फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवरून डॉल्बी डिजिटलवर न्यायचं, नाहीतर दोनच चॅनेल येतात आणि लोक रिसीव्हरला शिव्या घालतात. डोक्यावरून येणाऱ्या आवाजाचं ॲटमॉस ऑप्टिकलवरून जात नाही, पण छतात स्पीकरच नव्हते, मग गमावलं काय?

काकांना ते पटलं नाही. “एकाच रिमोटवर सगळं चाललं पाहिजे,” म्हणाले, आणि त्याला एचडीएमआय लागतं. बजेट पंधरा हजार, त्यात नवा चांगला रिसीव्हर बसत नाही, म्हणून चौदा हजारांचा सेकंडहँड ठरला.

जुना सेट घेताना आधी मागची पट्टी वाचायची. १२० व्होल्ट लिहिलं असेल तर तो अमेरिकेहून आलेला, आपल्या २३० वर लावलात की धूर. मग एकच स्पीकर पाचही चॅनेलला फिरवून लावायचा, आवाज अगदी हळू ठेवून. हळू असताना गायब आणि वाढवल्यावर येणारा आवाज म्हणजे रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत. एचडीएमआयचं प्रत्येक पोर्ट चालवून बघायचं. फोरके हवं तर एचडीसीपी २.२ (फोरके चित्राची नक्कल रोखणारी व्यवस्था) असल्याची खात्री करायची. खोलीप्रमाणे आवाज जुळवायचा सेटअपचा माइक सोबत मागायचा, तो बहुतेकांनी हरवलेला असतो.

पण पहिला सेट मेला कशाने, ते काकांच्या घरी गेल्यावर कळलं. फ्रंटच्या सहा ओहमच्या स्पीकरांना गॅलरीतली तेवढ्याच ओहमची जोडी पॅरलल, म्हणजे रिसीव्हरला तीन ओहम, आणि ओहम कमी तितका करंट जास्त. रिसीव्हरच्या मागे ओहम निवडायचा इम्पीडन्स स्विच असतो, पण त्याने यात फारसं काही होत नाही, तो आतला व्होल्टेज कमी करतो इतकंच. वर टीव्ही युनिटचा बंद कप्पा, मागे प्लायवूड, डोक्यावर दोन बोटं जागा. इंटिरियरवाल्यांना वायर लपवायच्या असतात; उष्णता कुठे जाणार हे त्यांना कोणी विचारत नाही.

गॅलरीची जोडी काढून नव्या रिसीव्हरच्या झोन बी वर, म्हणजे स्पीकरांच्या दुसऱ्या वेगळ्या टर्मिनलवर दिली आणि ए-बी एकत्र लावायचं नाही असं सांगितलं. मागच्या प्लायला दोन भोकं पाडून १२० मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा बसवला, बारा व्होल्टचा, पण आठवर चालवलेला, त्यामुळे ऐकू येत नाही. खर्च पाचशेच्या आत. हाच पंखा जुन्या सेटला असता तर ट्रान्झिस्टरची ती जोडी बहुधा गेलीच नसती. तो जुना सेट आता माझ्याकडे आहे. फ्रंट लेफ्टची ट्रान्झिस्टर जोडी टाकून ऑप्टिकलवर कोणाला हवा असेल तर देईन.