दोन राण्या, एक पेटी: गिरणाऱ्याचा यंदाचा हिशोब

आधी गेल्या वर्षीची फजिती सांगतो, नाहीतर यंदा काय बदललं ते कळणार नाही. गेल्या वर्षी जानेवारीत मला मधमाश्यांच्या एकाच पेटीत दोन राण्या ठेवायचा किडा चावला (दोघी अंडी घालणार, म्हणजे माशा जास्त आणि मध जास्त), मेलीफेराची, म्हणजे पाळीव युरोपीय मधमाशीची, एक भरलेली पेटी घेतली, मधे प्लायवूडचं पार्टिशन टाकलं, एका बाजूला जुनी राणी ठेवली आणि दुसऱ्या बाजूला ब्रूडच्या (अंडी-अळ्यांच्या) फ्रेम देऊन माशांना म्हटलं करा तुमची राणी. केली त्यांनी. पण थंडीत नर माशा जवळपास नव्हत्याच, नवीन राणी अंडी घालायला लागली तीसुद्धा तुरळक, आणि तिची पोरं कामाला बाहेर पडेपर्यंत कांद्याचे गोंडे वाळून उळं (कांद्याचं बी) काढायची वेळ आली. वर एक्सक्लूडरची (राणीला अडवणाऱ्या जाळीची) एक तार वाकलेली होती ती मला दिसली नाही. एका सकाळी पेटीच्या दारात राणी मरून पडलेली, पाठीवर मीच लावलेला ठिपका. मामा शेजारी उभे होते, ते एवढंच म्हणाले, "एका म्यानात दोन तलवारी, तुला सांगितलं होतं ना."

आता हे म्हणणं अर्धं खरं आहे. मुख्य भांडण राण्या-राण्यांचं असतं, कामकरी माशा एकमेकींच्या वासाची सवय झाली की नांदतात. म्हातारी राणी बदलायची वेळ आली की आई आणि लेक काही दिवस एकाच पेटीत सुखाने अंडी घालताना दिसतात, ज्यांनी नीट फ्रेमा बघितल्यात त्यांना एकदा तरी दिसलं असेल. बाकी वेळी राण्या समोरासमोर येऊ द्यायच्या नाहीत एवढंच पथ्य. एक्सक्लूडरच्या फटी साधारण चार मिलीमीटरच्या, कामकरी जाते, राणीचं अंग अडकतं. चीनमधे संशोधकांनी राण्यांचे जबडेच थोडे कापून त्या एकत्र ठेवल्यात, म्हणजे त्या भांडत नाहीत. वाचायला भारी आहे पण मला राणीच्या तोंडाशी कात्री न्यायची हिंमत नाही, आणि गरजही वाटत नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिनला सी. एल. फॅरर म्हणून एक शास्त्रज्ञ होते, दोन राण्यांच्या पद्धतीवर त्यांनी भरपूर काम केलं (मामांना नाव सांगितलं तर त्यांनी "फरार" ऐकलं, आणि म्हणे मग त्याच्या माशा पण फरार झाल्या असतील). त्यांचं मुख्य म्हणणं असं की वसाहत जितकी मोठी तितका माशीमागे मध जास्त, कारण लहान वसाहतीत बऱ्याचशा माशा घर सांभाळण्यातच जातात. म्हणजे पंधरा-पंधरा हजारांच्या दोन पेट्यांपेक्षा तीस हजारांची एक पेटी जास्त कमावते. पण ही तीस हजारांची फौज फुलोऱ्याच्या वेळी तयार पाहिजे ना! माझं घोडं तिथेच पेंड खात होतं.

मग कागदावर उलटा हिशोब मांडला. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला २१ दिवस, त्यानंतर साधारण तीन आठवडे ती आतलं काम करते, म्हणजे अंडं घातल्यापासून सहा आठवड्यांनी मकरंद आणायला निघते. आमच्याकडे कांद्याचे डोंगळे (बियाण्यासाठी सोडलेले फुलांचे दांडे) फेब्रुवारीत फुलतात. म्हणजे दुसरी राणी डिसेंबरच्या मध्याला जोरात अंडी घालत असायला पाहिजे. डिसेंबरात राणी तयार करणं म्हणजे नाशिकच्या थंडीत पापड वाळवणं. राणी १६ दिवसांत होईल हो, पण नराला २४ दिवस लागतात आणि वर पिकायला दोनेक आठवडे, ते नर कुठून आणायचे? म्हणून दुसरी राणी करायची ती दिवाळीत, खुरासणीच्या (कारळ्याच्या) फुलोऱ्यावर. एवढं कळायला मला एक अख्खं वर्ष आणि एक राणी लागली.

तर यंदा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेट्या हरसूलच्या बाजूला नेल्या. खुरासणी अशी फुललेली की डोंगराला हळद लावल्यासारखी, आणि पेटीत नर भरपूर. तिथेच पार्टिशन टाकलं. पार्टिशनमुळे दहाच्या नऊ फ्रेमा बसल्या, जुनीकडे पाच, नवीनकडे चार: दोन अंडी आणि कोवळ्या अळ्यांच्या, एक मध-परागाची, एक रिकामी, वर दोन फ्रेमांवरच्या माशा झटकून दिल्या. दोघींची दारं उलट दिशांना केली, म्हणजे मिलनाहून परत येणारी कुमारी राणी चुकून आईच्या दारात शिरणार नाही. भाऊबीजेच्या आसपास राणी बाहेर आली आणि तुळशीचं लग्न लागलं त्याच दिवसांत हिचंही उरकलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर फ्रेम उन्हाकडे धरून बघितली तर घराच्या तळाशी अंडं, तांदळाच्या बारीक कणीसारखं, सरळ उभं. उभं म्हणजे आजचं, तिसऱ्या दिवसापर्यंत ते आडवं होतं. मी तिथेच बांधावर बसून चहा पिला.

ठिपक्याची गंमत. राणीच्या पाठीवर तिच्या जन्मवर्षाच्या ठरलेल्या रंगाचा ठिपका देतात. २०२५ च्या राणीला निळा रंग, पण जुनी राणी पण २०२५ च्या फेब्रुवारीतलीच, म्हणजे दोघी निळ्या. ओळखणार कशा? नवीनला बायकोच्या नेलपॉलिशचा पांढरा ठिपका दिला. नियमाला धरून नाही, मान्य. नेलपॉलिशवरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

थंडीत जे दिसलं त्याने मात्र मी खूश आहे. जानेवारीत दुपारी ऊन चढल्यावर झाकण उघडलं, तर दोन्हीकडच्या माशा पार्टिशनला चिकटून बसलेल्या, इकडून अर्धा गोळा तिकडून अर्धा, जसा एकच लाडू मधून सुरीने कापलाय. प्लायमधून एकमेकींची ऊब घेत होत्या. शेजारची एका राणीची पेटी तेव्हा तीन फ्रेमांवर आकसली होती. जानेवारीच्या मध्यापासून साखरेचा पाक सुरू केला, एकास एक, संध्याकाळी आणि आतच, नाहीतर लुटालूट होते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पेटी मामांच्या गिरणाऱ्याच्या मळ्यावर आणली, शेजारी दीड एकर डोंगळे. दोन्ही घरांवर मिळून एक एक्सक्लूडर, त्यावर चिरा पाडलेला वर्तमानपत्राचा कागद, त्यावर सुपर (मध साठवायचा वरचा मजला). तिसऱ्या दिवशी दोन्ही दारांत कागदाचा भुगा, म्हणजे वास मिसळले आणि मारामारी नाही. यंदा पार्टिशनच्या वरच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोकलीय, एक्सक्लूडर तिच्यावर दाबून बसतो, आणि प्रत्येक तार दिव्यासमोर धरून तपासली. हे करा. बाकी काही विसरलात तरी चालेल.

एक अडचण सांगायलाच पाहिजे. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, माशांना तो फारसा आवडत नाही, बाजूला कोथिंबीर बियाण्याला सोडलेली होती तर पहिले चार दिवस सगळी फौज तिकडेच. मामा रोज सकाळी विचारायचे, "भाचेबुवा, तुमच्या माशा कांद्याला लागल्या का?" संख्या वाढली तशा लागल्या, कोथिंबिरीवर जागा उरेना म्हणून असेल. मधे एका शेतकऱ्याने फुलकिड्यासाठी सकाळी दहाला फवारणी केली आणि दारात ओंजळभर माशा पडल्या. भांडलो नाही, आता ते आदल्या संध्याकाळी फोन करतात.

आजचा हिशोब: दोन राण्यांच्या पेटीत ब्रूडच्या आठ फ्रेमा, शेजारच्या एकटीकडे पाच. इकडे दोन सुपर, पहिला जवळपास मेणाने सील झालाय, दुसरा अर्धा. तिकडे एक सुपर, तोही अजून उघडाच. मध दुप्पट झाला का? हो, थोडा जास्तच. पण पाकाची साखरही जवळपास दुप्पट गेली हे विसरून चालणार नाही, आणि एका जोडीवरून मी कुणाला सल्ला देणार नाही. मधाला सध्या कांद्याचा उग्र वास आहे, मुरला की कमी होतो, तोवर घरात बरणी उघडायची बंदी आहे.

सातेरीवर (आपल्या देशी मधमाशीवर) हे करून बघू का असं दोघातिघांनी विचारलंय. मी तरी नाही करणार. सातेरी अंगाने लहान, मेलीफेराची जाळी तिच्या राणीला थोपवेल याचा भरवसा नाही, आणि इतकी उलथापालथ केली तर ती पेटी सोडून खरंच फरार होईल.

पाडव्यानंतर डोंगळे संपतील. एवढ्या माशांना नुसतं बसून खायला घालणं परवडणार नाही, म्हणून जांभूळ-करंज फुलायच्या आत पार्टिशन काढून पांढऱ्या ठिपक्याची राणी वेगळ्या पेटीत टाकतोय. ती पेटी विहिरीजवळ ठेवायची असं मामांनी परस्पर ठरवून टाकलंय, काल तिथे चार विटा पण रचून झाल्या.