२१२ अर्ज आणि एक नाला

कोळसा खाणीच्या वाढीव क्षेत्रासाठी पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी अकराची होती. मी नऊला पोचले तेव्हा मंडपातल्या पहिल्या पाच रांगा भरलेल्या होत्या, सगळी तरुण पोरं. खाणीच्या बाजूनं आणलेली, हे उघड होतं. त्यांच्यावर मला राग धरता येत नाही. सरकारी कोळसा कंपनीच्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असते. ज्याच्या बापाकडे एकरभरच जमीन आहे, किंवा काहीच नाही, त्याला खाण वाढली तरी एकट्याच्या जोरावर हक्काची नोकरी नाही. ही पोरं त्याच घरांतली. कंत्राटदाराकडे ट्रकवर किंवा गेटवर लागू, एवढ्या आशेवर ती सकाळपासून उन्हात आली होती.

वणी तालुक्यात, वर्धेच्या खोऱ्यातली ही खुली खाण. वाढीव क्षेत्रात गावाची काळी जमीन जात होती आणि गावाजवळचा नाला वळवायचा होता. मी वीसेक वर्षं गावांना अशा सुनावण्यांसाठी तयार करायचं काम करते, त्यामुळे प्रकल्पाच्या पर्यावरण-परिणामांचा अहवाल हातात आला की कुठून वाचायचा ते मला कळतं. आधी मोजमापाचे महिने पाहायचे. या अहवालात मार्च ते मे असे तीन महिने मोजले होते. त्या तीन महिन्यांत आपल्याकडे कुठला नाला वाहताना दिसेल? म्हणून नाल्यापुढे एकच शब्द होता: हंगामी. मग मराठी सारांश पाहायचा. कायद्यानं तो द्यावाच लागतो. पण तो इंग्रजीवरून इतका आंधळेपणानं उतरवलेला असतो की मला दरवेळी चीड येते. खाणीतून, रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीला, इंग्रजीतल्या 'फ्युजिटिव्ह डस्ट'ला, यात 'फरारी धूळ' म्हटलं होतं. समाजमंदिरातल्या बैठकीत एका म्हाताऱ्यानं अगदी मनापासून विचारलं, "हे फरारी धूळ कोणती जी? आमच्या कापसावर बसते तेच का?" तीच. फरदडीच्या वेचणीत बोंडावर काळा थर बसतो आणि व्यापारी भाव पाडतो. सारांशात कापूस हा शब्द एकदाही नव्हता.

सुनावणी कशी चालते हे बाहेरच्यांना माहीत नसतं, आणि गावाला कोणी सांगत नाही. पर्यावरण मंजुरीच्या १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेप्रमाणे किमान तीस दिवस आधी नोटीस लागते. तिच्या जागी आणायच्या २०२०च्या मसुद्यात हे तीस दिवस वीसवर आणायचे होते. सुनावणीत मतदान नसतं. किती जण आले, याला गणपूर्तीची अट नाही. हात वर करून खाण थांबत नाही. महत्त्व फक्त एकाच गोष्टीला: कागदावर काय चढलं. म्हणून मी माणसांना शिकवते. आधी नाव, गाव, गट नंबर सांगा. कॅमेऱ्याकडे तोंड करून बोला, कारण चित्रीकरण सक्तीचं आहे. अर्ज दिला की शिक्क्यासकट पोच घ्या. आणि जेवायला उठू नका. इतिवृत्त त्याच दिवशी, तिथेच, मराठीत वाचून दाखवावं लागतं आणि त्यानंतरच त्यावर सही होते. बहुतेक ठिकाणी वाचनाच्या वेळी मंडपात खुर्च्या आवरणारे तेवढे उरलेले असतात. आमच्या गावची माणसं त्या दिवशी साडेचारपर्यंत हलली नाहीत. याचा मला अभिमान आहे.

अर्जांचाही होता. बारा रात्री मी गावात फिरले. सात मुद्द्यांचा एक पक्का मसुदा केला. हवेतल्या सूक्ष्म धुळीची (पीएम १०) चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, सुरुंगाचे हादरे, भूजल, पुनर्वसन, सगळं कलमांसकट. झेरॉक्स काढल्या, नावं भरली, सह्या-अंगठे घेतले. २१२ अर्ज झाले. बोलणाऱ्यांची यादीही मीच केली. कॉलेज झालेली, आकडे न अडखळता सांगणारी मुलं आधी. एक मावशी होती, पासष्टीची. नाल्यापलीकडे तिचं तीन एकर. तालमीच्या दिवशी ती नाल्याचं सांगू लागली, तिथून नवऱ्याच्या बैलावर गेली, तिथून कुठल्याशा दुष्काळावर. मी म्हटलं, "मावशी, ते नंतर." यादीत तिचं नाव घेतलं नाही.

सुनावणीत आमची मुलं छान बोलली. नागपूरहून आलेले एक निसर्गप्रेमी वाघांच्या भ्रमणमार्गावर पंधरा मिनिटं बोलले आणि पाचची गाडी गाठायची म्हणून दोनलाच निघाले. गावाचं नावही त्यांनी चुकीचं घेतलं होतं. अशा मदतीनं आमचं नुकसान होतं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. पहिल्या रांगांतून घोषणा झाल्या, एकदा पोलीस मध्ये आले. अपर जिल्हाधिकारी घड्याळ पाहू लागले. "आणखी कोणी?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मागून ही मावशी उठली आणि थेट माईकपाशी गेली.

"साहेब, तुमच्या कागदात नाला सुकला म्हणून लिवलं हाय. वरतून सुकते. खाली नाई सुकत. मे महिन्यात रेतीत कोपरभर झिरा खोदला का पानी लागते. गावातली ढोरं थेच पानी पेतेत. ज्या साली विहिरी आटल्या, त्या साली आमी दोन महिने थेच पेलो. नाला वळवला तर झिरा कोटी खोदाचा, थे सांगा."

मिनिटभरही लागलं नाही. पहिल्या रांगेतली पोरं गप्प झाली. त्यांच्या घरचीही ढोरं तिथेच पाणी प्यायची.

इतिवृत्त वाचणारा प्रदूषण मंडळाचा तरुण अधिकारी प्रामाणिक होता. त्यानं मावशीचं म्हणणं जवळजवळ जसंच्या तसं घेतलं होतं, 'झिरा' शब्दासकट. आणि माझ्या बारा रात्रींसाठी एक ओळ होती: 'समान मजकुराचे २१२ अर्ज प्राप्त झाले, त्यात प्रकल्पास विरोध दर्शविण्यात आला आहे.' मी उठून भांडले. सात मुद्दे वेगवेगळे नोंदवा म्हटलं. त्यानं ते नोंदवले, पण शांतपणे एवढंच म्हणाला, "मॅडम, हे मुद्दे तुमचे आहेत. त्यांचे कोणते?"

काही महिन्यांनी, मंजुरीसाठी प्रस्ताव तपासणाऱ्या दिल्लीच्या तज्ज्ञ समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आलं. आमच्या बाजूचा एकच मुद्दा त्यांनी उचलला होता. नाल्याच्या वाळूखालच्या प्रवाहाचा वर्षभराचा अभ्यास करा, तोवर प्रस्ताव थांबवा.

मी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला अभ्यासगटात बसलेली बाई आहे. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवणारं हे गाव. प्रत्येक माणसाला विषय कळेपर्यंत तिथे ग्रामसभा उठत नाही, निर्णय सर्वसहमतीनं होतो. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांनी हे किती धीरानं रुजवलं, ते मी शिबिरांमधून शेकडो वेळा सांगितलं आहे. आणि स्वतःच्या तालुक्यात मी काय केलं, तर झेरॉक्स. वेळ नव्हता, तीस दिवस होते, हे खरंच आहे. पण मावशीला दहा मिनिटं द्यायला तीस दिवस पुरत नव्हते, असं मला म्हणता येत नाही.

त्या संध्याकाळी तिला घरी सोडायला गेले. दारात मी म्हटलं, "मावशी, तुमच्या अर्जातच नाला लिहायला हवा होता." ती म्हणाली, "माह्या अर्जात का लिवलं होतं, थे मले कोणं वाचूनच नाई दाखोलं ताई." थोड्या वेळानं, काही मनात न ठेवता, तिनं आणखी एक सांगितलं. "तवा मतही म्या तुमाले नवतं देलं. तुमच्या भाषणात पांदण नवती."

२०१७ला मी जिल्हा परिषदेला उभी होते. अनामत गेली. या हरण्याचं एक उत्तर मी इतकी वर्षं बाळगलं होतं. १९८३ साली पश्चिम जर्मनीत ग्रीन पक्ष ५.६ टक्के मतांवर पहिल्यांदा संसदेत गेला, कारण तिथे पाच टक्के ओलांडले की जागा मिळतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या गटात जो पहिला, त्यालाच सगळं. मग पर्यावरणाचं राजकारण उभं कसं राहणार? ही अडचण खरी आहे, आजही मी ती मांडते. पण माझ्या प्रचारात धूळ होती, राख होती, तापमानवाढ होती. शेतात जायचा पांदण रस्ता नव्हता. पावसाळ्यात काळ्या जमिनीत गुडघाभर चिखल होतो, बंडी रुतते, खताचं पोतं डोक्यावरून न्यावं लागतं. ज्या बाईचं शेत वाचवायला मी निघाले होते, तिला त्या शेतात पोचता येत नव्हतं, आणि हे मला माहीत नव्हतं.

या मे महिन्यात नाला मोजायला दोन मुलं आली. मावशी त्यांना पात्रात घेऊन गेली, खाली बसली आणि हातानं वाळू उपसू लागली. कोपरभर खड्डा झाला. आधी ओल दिसली, मग गढूळ पाणी, मग हळूहळू नितळ. एका मुलानं वेळ टिपली, दुसऱ्यानं बाटली भरली. मी काठावर उभी होते. काही बोलले नाही. अभ्यास चालू आहे, निर्णय व्हायचा आहे.

परतताना तिच्या ओसरीवर बसून पांदणीसाठी तहसीलदारांना अर्ज लिहिला. तिनं सांगितलं, मी लिहिलं, मग पूर्ण वाचून दाखवला. एका ठिकाणी तिनं मला थांबवलं. 'वाहन जात नाही' असं मी लिहिलं होतं.

"वाहन नाई जी. बैलबंडी लिवा."

मी खोडून बैलबंडी लिहिलं.