कंदी पेढ्याची वही: पाचव्या फेरीपर्यंत

साताऱ्यातल्या दुकानांतून कंदी पेढे आणायचे, चाखायचे आणि गुण द्यायचे, अशा फेऱ्या आम्ही दोघं करतो. त्यातल्या पहिल्या चार फेऱ्यांचे गुण खोडले आहेत. चारही वेळा पहिला आलेला नमुना त्या दिवशीचा सगळ्यात ताजा आणि सगळ्यात गोड होता. खव्याच्या भाजणीत मात्र तो एकदाही पहिला नव्हता. नुकताच वळलेला, अजून कोमट असलेला पेढा कुणाचाही चांगलाच लागतो. म्हणजे आपण पेढा तपासत नव्हतो, घाणा (एका वेळी कढईतून निघणारा माल) कधी उतरला ते तपासत होतो. पाचवी फेरी म्हणून वेगळी केली: सगळे नमुने एकाच दुपारी घेतले, चव एकदा त्या संध्याकाळी आणि पुन्हा तिसऱ्या दिवशी घेतली, आणि शेजारी तुलनेसाठी घरी भाजलेले तीन मोजमापाचे पेढे ठेवले. खाली तीच पद्धत सविस्तर. कुणाला साताऱ्यात फेरी करायची असेल तर उचलून वापरा.

रस्ता. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे जाताना वरचा रस्ता म्हणजे राजपथ आणि खालचा म्हणजे कर्मवीर पथ. पेढ्याची दुकानं मोती चौकाच्या आजूबाजूला दाट आहेत, त्यामुळे राजवाड्यापासून सुरुवात करून पोवई नाक्याकडे उतरत आलेलं बरं. चाल कमी पडते आणि पहिल्या तासातच तीन-चार नमुने हातात येतात. हायवेवरची, बॉम्बे रेस्टॉरंट चौकाकडची दुकानं वेगळ्या फेरीत घ्या. तिथलं गिऱ्हाईक प्रवासातलं, माल बराचसा डबाबंद, आणि बंद डब्यात पेढ्याला घाम सुटतो. सुट्ट्या पेढ्याशी त्याची तुलना लावणं अन्यायाचं आहे.

दुकानात तीनच गोष्टी बोलायच्या. "परातीतला सुट्टा द्या, डब्यातला नको." "शंभर ग्रॅम, कागदी पिशवीत." आणि शेवटी, पैसे देताना सहज: "घाणा आजचा का कालचा?" हा प्रश्न आधी विचारला तर उत्तर नेहमी 'आजचाच' असतं. पैसे देताना विचारला तर बहुतेक वेळा खरं कळतं. डब्यातूनच घ्यावा लागला तर रिकामा डबा काट्यावर ठेवून काटा शून्य करून घ्या. शंभर ग्रॅमच्या खरेदीत पुठ्ठ्याचा डबा चांगलाच जाणवतो.

कधी जाऊ नये? गणपती, दिवाळी आणि दहावी-बारावीच्या निकालाचा आठवडा. त्या दिवसांत खव्याची ओढाताण असते, घाण्यामागून घाणा निघतो आणि भाजणीला वेळ कुणाकडे नसतो. उन्हाळ्यात म्हशीचं दूध आटतं. थंडीत ते भरपूर असतं, आणि म्हशीच्या दुधात स्निग्धांश साडेसहा-सात टक्के म्हणजे गाईच्या दुधापेक्षा बराच जास्त. पेढ्याच्या फेऱ्या डिसेंबर ते फेब्रुवारीत करा हे त्यासाठीच.

नावाबद्दल एक कंस. इंग्रजांनी याला 'कँडी' म्हटलं आणि त्याचं 'कंदी' झालं, ही गोष्ट साताऱ्यात काउंटरवर ऐकायला मिळतेच. गंमत अशी की 'कँडी' हा शब्दच मुळात आपल्या खांडेवरून निघालेला. संस्कृत खंड, फारसी कंद, अरबी कंदी, तिथून युरोपात. म्हणजे गोष्ट खरी धरली तरी शब्द फिरून घरीच आला, आणि कलाकंदातला 'कंद' तर इंग्रज यायच्या आधीपासून इथे बसलेला आहे.

आता मोजमापाचे पेढे. हे केल्याशिवाय फेरीला अर्थ नाही असं आता आमचं दोघांचंही मत आहे. कंदी पेढा म्हणजे भाजलेला खवा. साखर, वेलची, जायफळ नंतरचं. भाजणी जिभेला वेगळी ओळखता यायला हवी, आणि त्यासाठी एकाच खव्याच्या तीन भाजण्या शेजारी ठेवून खाव्या लागतात.

म्हशीच्या दुधाचा घट्ट गोळ्याचा ताजा खवा ५०० ग्रॅम घ्या. घरी आटवणार असाल तर अडीच लिटर दूध लागेल, कारण लिटरला साधारण २०० ग्रॅम खवा पडतो. खवा आधी किसून घ्या. गोळा तसाच टाकला तर बाहेरून तांबूस आणि आतून कच्चा राहतो. कढई जाड बुडाची, उलथनं सरळ कडेचं, आच मंदच्या जरा वर.

पहिली पाच-सहा मिनिटं खवा सैल होत जातो आणि कढईला चिकटतो. इथे घाबरून तूप घालू नका, थोड्या वेळानं तो स्वतःचंच तूप सोडतो. साधारण १२ मिनिटांनी कडेला बारीक बुडबुडे आणि तुपाची चकाकी दिसते, रंग बदामी होतो. इथे १५० ग्रॅम काढून घ्या: ही पहिली भाजणी. लगेच आच कमी करा. कढईतला माल घटला की उरलेला दुप्पट वेगानं भाजतो, आणि बहुतेकांचा दुसरा नमुना याच जागी करपतो. २० मिनिटांच्या आसपास रंग खमंग भाजलेल्या रव्यासारखा येतो आणि वास बदलतो. दूध तापल्याचा वास जाऊन तूप कढवल्यावर तळाशी राहणाऱ्या बेरीचा वास येतो. ही दुसरी भाजणी, पुन्हा १३० ग्रॅम काढा. उरलेल्यावर चमचाभर दूध शिंपडा आणि परता. दूध सगळं आटलं की पुन्हा चमचाभर. यानं खवा तळाला करपत नाही, बारीक दाणा पडतो आणि रंग सावकाश चढतो. २८ मिनिटांपर्यंत तपकिरी रंग आला की तिसरी भाजणी तयार. इथून दोन मिनिटं जास्त झाली की कडवट झालीच म्हणून समजा.

हा रंग वरून घातलेल्या साखरेचा नाही. दुधातली लॅक्टोज साखर आणि दुधाची प्रथिनं यांची उष्णतेनं एकमेकांशी रासायनिक प्रक्रिया होऊन तो तयार होतो. कांदा परतताना किंवा भाकरीला डाग पडताना जे होतं तेच. म्हणूनच वरून रंग किंवा जळकी साखर घालून केलेला पेढा दिसायला तपकिरी होतो, पण त्याला बेरीचा वास येत नाही.

तिन्ही भाजण्या वेगवेगळ्या ताटल्यांत थंड करा आणि थंड झाल्यावर वजन करा. पाणी उडाल्यामुळे सगळं मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास भरतं. १०० ग्रॅम भाजलेल्या खव्याला २८ ग्रॅम तगार किंवा पिठीसाखर, तिन्हींना तेच प्रमाण. वेलची नाही, जायफळ नाही. साखर घालायची ती खव्यात बोट धरून ठेवता येईल इतका तो निवल्यावर. गरम असताना घातली तर साखर विरघळते, मिश्रण पातळ होतं, आणि ते पुन्हा आटवायला गेलं की पेढा चिवट होऊन दाताला टॉफीसारखा चिकटतो. दुकानाच्या पेढ्यात हा दोष सापडला तर साखरेची घाई झाली आहे हे बिनधास्त लिहा. २० ग्रॅमचे पेढे वळले की एकूण पंचवीसेक होतात. तळाशी एक, दोन, तीन टिंबं काढून ठेवा.

चव घेण्याची रीत. एका बैठकीत दुकानाचे चार नमुने, अधिक तीन मोजमापाचे. पाचव्या दुकानाला जीभ गोडानं मारलेली असते आणि त्याला विनाकारण कमी गुण पडतात. जो खरेदी करतो तो चव घेत नाही. तो नमुन्यांना आकडे देतो आणि दुसरा डोळे मिटून खातो, मग बाजू बदलायच्या. (खरेदी करणाऱ्यानं रांग कुठे मोठी होती हे सांगायचं नाही. रांगेनं गुण वाढतात, हे सिद्ध करायला वेगळ्या फेरीची गरज नाही.) दोन नमुन्यांच्या मधे कोमट पाणी आणि चार चुरमुरे. गार पाण्यानं तूप जिभेवर थिजतं आणि पुढचा प्रत्येक पेढा मेणासारखा लागतो. चहा तर नकोच. पेढे फ्रिजमधले असतील तर तासभर बाहेर ठेवा, थंड पेढ्याला वास नसतो.

आता पेढा हातात घ्या आणि दोन बोटांनी मधून तोडा. तुटलेली कड बघा. चांगल्या भाजणीची कड खरखरीत असते, रव्याएवढे दाणे दिसतात आणि एखाददुसरा कण बाकीच्यापेक्षा गडद असतो, कारण कढईत सगळा खवा एकसारखा भाजला जात नाही. कड ओल्या मातीसारखी गुळगुळीत निघाली तर भाजणी कच्ची. सगळीकडे रंग अगदी एकसारखा असेल तर संशय घ्या, पण निव्वळ त्यावर गुण कापू नका. अर्धा तुकडा टिश्यू पेपरवर दहा मिनिटं ठेवा. तुपाचा हलका डाग पडायलाच हवा. कागद पार पारदर्शक झाला तर खवा भाजताना फुटला आहे, तूप बाहेर आलं आहे. असा पेढा दुसऱ्या दिवशी कोरडा आणि भुसभुशीत होतो. उरलेला तुकडा जिभेवर ठेवून चावायचा नाही, टाळूला दाबायचा. दुधाचं तूप तोंडाच्या उबेनं विरघळतं. खाल्ल्यावर टाळूला थर राहिला आणि कोमट पाण्यानंही गेला नाही, तर वनस्पती तूप मिसळल्याची शंका नोंदवा.

दाताखाली वाळू लागली तर ती बहुतेक वेळा न विरघळलेली साखर नसते. जुन्या किंवा संथ निवलेल्या खव्यात लॅक्टोजचे खडे धरतात, त्यांची ती वाळू. फरक असा: साखर लगेच विरघळते आणि गोड लागते, लॅक्टोज हट्टानं उरतं आणि फारसं गोड लागत नाही.

पिठाची भेसळ बघायची असेल तर नखाएवढा तुकडा चार चमचे पाण्यात उकळा, पूर्ण गार करा आणि टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा रंग आला तर पीठ किंवा स्टार्च आहे. गरम असताना निळा रंग टिकत नाही, त्यामुळे घाई केली तर भेसळीचा पेढाही पास होतो. हा नमुना अर्थातच फेकून द्यायचा.

पाचव्या फेरीत काय दिसलं? संध्याकाळच्या चवीत दुकान क्रमांक दोन पुढे होतं: मऊ, वेलची पुढे, गोडी जास्त. तिसऱ्या दिवशी तेच दाताला चिकटायला लागलं आणि मोजमापाच्या पहिल्या भाजणीशेजारी ठेवल्यावर दोन्हींत फरक करता येईना. क्रमांक चार पहिल्या दिवशी रुक्ष वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी वरचा पापुद्रा किंचित सुकला, आत दाणा तसाच राहिला आणि बेरीचा वास पिशवी उघडल्याबरोबर आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या भाजणीच्या मधे कुठेतरी त्याची जागा आहे. क्रमांक एकमध्ये जायफळ इतकं होतं की खव्याबद्दल काहीच लिहिता आलं नाही. यावर आमच्यात एकमत नाही. जोडीदाराला जायफळ हवंच असतं. माझ्या मते एवढं जायफळ शिळा खवा झाकायला घालतात. दोन्ही मतं वहीत आहेत, गुण अर्ध्यावर ठेवले आहेत. क्रमांक तीन बरं होतं, त्याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचं ते कागद घातलेल्या स्टीलच्या डब्यात, झाकण किंचित उघडं, खोलीत. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून बुरशी येते. आंबूस वास आला तर चव घेऊ नका, 'टिकला नाही' एवढंच लिहा.

बाकीचं गोड थोडक्यात. स्ट्रॉबेरी क्रीमचा हंगाम डिसेंबर ते मार्च. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ग्लासात कोणती जात आहे हे साताऱ्यात सहसा कुणी सांगत नाही. स्वीट चार्ली गोड आणि मऊ, कॅमारोसा टणक आणि आंबटसर. क्रीमवाल्याला ती दुसरीच चांगली, पाणी कमी सुटतं. क्रीम दुधाचं का पामतेलाचं हे ग्लास पंधरा मिनिटं तसाच ठेवला की कळतं. दुधाचं खाली बसतं, दुसरं फुग्यासारखं ताठ उभं राहतं. हॉटेलातली बासुंदी पिवळी आणि गार झाल्यावर चमच्यानं कापता येण्याजोगी असेल तर कस्टर्ड पावडर आहे. वरचीच आयोडीनची चाचणी तिथेही चालते. जिलेबी १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारीला सकाळी दहाच्या आत, समोर तळलेलीच घ्या. दुपारी पाकात पडून पडून ती आतून पोकळ राहत नाही. राजवाड्याजवळ गांधी मैदानाच्या चौपाटीवर कुल्फी खायची तर पेढ्याच्या बैठकीनंतर, आधी नाही.

सहावी फेरी जानेवारीत. चार नंबर पुन्हा, पण वेगळ्या वारी घेतलेल्या दोन घाण्यांमधून. शेजारी एक धारवाडी पेढा ठेवणार आहोत. त्याला बाहेरून साखर असते, ती ओल्या फडक्यानं पुसून मगच तुलना करायची.