तुम्ही विचारलेत म्हणून: या चिंध्या कशासाठी?

बालवाडीतल्या मुलांना रंग शिकवण्याचे इतके देखणे संच बाजारात तयार मिळत असताना मी अजून कापडाचे तुकडे कापत का बसते, हा प्रश्न मला पालकसभेत, लग्नकार्यात आणि एकदा तर दवाखान्यातल्या बाकावरही विचारला गेला आहे. ‘पैसे वाचतात म्हणून’ असे सांगून मी आजवर सुटका करून घेतली. ते पूर्ण खरे नाही, कारण मॅचिंग सेंटरमधून टू-बाय-टू रुबिया या ब्लाउजच्या कापडाच्या वीस-पंचवीस छटा पाव-पाव मीटर घेतल्या, तर बचत फारशी उरत नाही.

मी तिथे जाते, कारण एकाच विणीचे आणि पोताचे कापड तिथे हव्या त्या छटेत मिळते. ट्यूबलाइटखाली मी रंग ठरवत नाही; कापड दारापर्यंत उजेडात आणायला लावते, आणि दुकानदार आता न सांगताच उठतो. सारख्या मापाच्या पुठ्ठ्यांवर ते चिकटवले की दोन पाट्यांत रंगाखेरीज कोणताही फरक उरत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरी यांच्या रंगपेट्यांचे तत्त्व हेच आहे: पहिल्या पेटीत लाल, पिवळा आणि निळा यांच्या तीन जोड्या, तर तिसरीत नऊ रंगांच्या प्रत्येकी सात छटा, म्हणजे ६३ पाट्या. आपल्याकडे बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला परिसरातल्या वस्तूंमधूनच शिक्षणसाधने घडवली, तेव्हा हा माझा एकटीचा हट्ट नाही. तयार संचात मात्र लाल म्हणजे सफरचंद, पिवळे म्हणजे केळे आणि हिरवा म्हणजे बेडूक असतो. मूल तिथे नेमके काय ओळखते, हे कळायला मार्ग नसतो.

एका पालकसभेत एका मुलीच्या वडिलांनी असाच महागडा संच टेबलावर मांडला. मुलगी जेमतेम तीन वर्षांची होती. कार्ड दिसताच ती रंगांची नावे धडाधड सांगत गेली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मला गप्प करण्यासाठी त्यांनीच माझ्या टोपलीतली हिरवी पाटी उचलून तिच्यापुढे धरली. तिने ती निरखली, उलटून पाहिली, मागे कोरा पुठ्ठा दिसल्यावर पुन्हा सुलटी केली, आणि विचारले, “यात बेडूक कुठे आहे?”

लोक हसले, वडील हसले नाहीत. त्यांनी पुन्हा विचारले, मग आवाज चढवून विचारले, आणि मुलगी रडू लागली. ‘तिला नाव विचारू नका, टोपली पुढे ठेवा, ती हिरव्याला हिरवे जोडून दाखवील,’ असे मी म्हणत होते, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. ‘तुमच्या या चिंध्यांनी मुले गोंधळतात, बाई,’ असे सर्वांसमोर सुनावून त्यांनी तिला उचलले, आणि ती पुन्हा आमच्या बालवाडीत आली नाही. ते शब्द मी पचवले. तिला जोडी लावून दाखवता आली नाही, हे मात्र अजून लागते.

पूर्वी मी हा प्रसंग विजयाच्या सुरात सांगत असे. त्या वेळच्या माझ्याशी आज माझे पटत नाही, कारण चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेक मुले मुख्य रंगांची नावे कोणत्याही साधनाने, किंवा साधनाशिवायही, शिकतातच. त्या मुलीलाही ती यथावकाश आली असतील. मग माझ्या पाट्यांचे काम काय उरते? एक पाटी पाहून ठेवायची आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिची जोडी आठवणीने शोधून आणायची, किंवा फिकटपासून गडदपर्यंत हिरव्या पाट्या लावताना पोपटीशेजारी कोण बसणार यावरून दोघांनी हमरीतुमरीवर यायचे, एवढेच. याचा त्यांना पुढे उपयोग होतो, असे मला सिद्ध करता येणार नाही. शिवाय मला कापड कापायला आवडते, हेही त्यात असेलच.

परवा एका आईने तोच प्रश्न विचारला, तेव्हा मी तिला मॅचिंग सेंटरचा पत्ता दिला. घरात आणलेला संच मात्र टाकू नका, असेही सांगितले. बेडकाची कार्डे गोष्ट सांगायला फार चांगली असतात.